पॉलिप : शस्त्रक्रिया केव्हा, प्रतीक्षा केव्हा?

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेर पडले की सोनोग्राफी आणि रक्ततपासणी केंद्रांच्या पाट्या दिसू लागतात. पूर्वी पोटात दुखल्यावरच होणारी सोनोग्राफी आता वार्षिक आरोग्य तपासणीचा भाग झाली आहे. त्यामुळे कसलाही त्रास नसलेल्या माणसाच्या अहवालातही शेवटच्या ओळीत ‘पॉलिप’ हा शब्द आढळतो आणि घरात काळजी सुरू होते. शेजारचे एक गृहस्थ सांगतात, ‘आमच्या नात्यात एकाचा पॉलिप काढला, तर कर्करोग निघाला.’ दुसऱ्या बाई म्हणतात, ‘माझ्या जावेला पाच वर्षांपासून पॉलिप आहे, काही झालेले नाही.’ दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. कारण एक जण मोठ्या आतड्याबद्दल बोलत असतो आणि दुसरी व्यक्ती पित्ताशयाबद्दल.

पॉलिप हे एका आकाराचे नाव आहे, रोगाचे नव्हे. हे लक्षात घेतले तर शस्त्रक्रियेचा निर्णय कोणत्या आधारावर होतो ते समजणे सोपे जाते.

पॉलिप म्हणजे काय?

शरीरातील पोकळ अवयवांच्या आत ओलसर अस्तर असते. या अस्तरातून पोकळीच्या दिशेने वाढलेल्या मांसल कोंबाला पॉलिप म्हणतात. काही पॉलिप देठाला लटकलेल्या द्राक्षासारखे असतात, तर काही बिनदेठाचे, अस्तराला पसरट चिकटलेले असतात. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ ‘अनेक पायांचा’ असा होतो. नाकातील पॉलिप ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसला ठाऊक होते. आयुर्वेदातही नाकातील अशा वाढीला ‘नासार्श’ हे नाव आहे.

बाहेरून सारखे दिसणारे हे कोंब आतून मात्र अगदी वेगळे असतात. नाकातील पॉलिप म्हणजे दीर्घकाळच्या दाहामुळे सुजून लोंबणारे अस्तर. पित्ताशयातील बहुसंख्य पॉलिप म्हणजे भिंतीवर साचलेले कोलेस्टेरॉल. मोठ्या आतड्यातील ‘अ‍ॅडिनोमा’ प्रकारचा पॉलिप ही पेशींची अनिर्बंध होऊ पाहणारी वाढ असते. गर्भाशयातील पॉलिप हा बहुधा संप्रेरकांच्या प्रभावाखाली वाढलेला अस्तराचाच तुकडा असतो. म्हणून चारही ठिकाणच्या उपचारांचा नियम एक असू शकत नाही. तो कोठे आहे, किती मोठा आहे, कसा दिसतो, त्रास देतो का आणि रुग्णाचे वय काय, या पाच गोष्टी प्रत्येक वेळी पाहाव्या लागतात. कोणत्या अवयवात कोणत्या गोष्टीला अधिक वजन द्यायचे, एवढाच फरक असतो.

नाक : आधी औषध, मग शस्त्रक्रिया

नाक सतत चोंदणे, वास न येणे, सर्दी महिनोन्महिने न हटणे ही नाकातील पॉलिपची लक्षणे होत. अनेक जण आरशात पाहून नाकात दिसणाऱ्या गुलाबी मांसल भागालाच पॉलिप समजतात. बहुतेक वेळा तो ‘टर्बिनेट’ हा नाकाचा नैसर्गिक भाग असतो. पॉलिप फिकट, करडसर आणि स्पर्शाला संवेदनाहीन असतो.

दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप असतील तर पहिला उपचार औषधांचा असतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टिरॉइडचा फवारा नियमितपणे, योग्य पद्धतीने मारणे, हा त्याचा पाया. गरज पडल्यास तोंडाने घ्यायचे स्टिरॉइड थोड्या दिवसांसाठी दिले जाते. आठ ते बारा आठवडे असा उपचार काटेकोरपणे करूनही श्वास मोकळा होत नसेल, तर सीटी स्कॅन करून दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेचा विचार होतो. येथे एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगितली गेली पाहिजे. शस्त्रक्रियेने कोंब निघतो, दाहाची प्रवृत्ती निघत नाही. त्यामुळे नंतरही फवारा चालू ठेवावा लागतो, अन्यथा पॉलिप पुन्हा होतात. दमा असलेल्या आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी दमा उसळणाऱ्या रुग्णांत ही शक्यता विशेष असते. वारंवार उद्भवणाऱ्या अशा पॉलिपसाठी ‘डुपिलुमॅब’ या इंजेक्शनाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते महाग असल्याने निवडक रुग्णांसाठीच वापरले जाते.

तीन प्रसंगी मात्र औषधांवर वेळ घालवू नये. पॉलिप एकाच बाजूला असेल, विशेषतः त्यातून रक्त येत असेल, तर ती वेगळ्या प्रकारची गाठ असू शकते. अशा वेळी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी आवश्यक ठरते. मुलांत व तरुणांत गालाच्या सायनसमधून निघून घशाकडे लोंबणारा एकाकी पॉलिप औषधाने जात नाही, तो काढावाच लागतो. बुरशीच्या अ‍ॅलर्जीमुळे सायनस भरून गेले असतील तर आधी शस्त्रक्रिया आणि नंतर औषधे असा क्रम असतो. तान्ह्या बाळाच्या नाकातील फुगवटा मेंदूच्या आवरणाशी जोडलेला असू शकतो. स्कॅन केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत.

पित्ताशय : मिलिमीटरचा हिशेब

आरोग्य तपासणीत सर्वांत अनपेक्षितपणे सापडणारा पॉलिप म्हणजे पित्ताशयातला. शंभर प्रौढांत साधारण पाच जणांच्या सोनोग्राफीत तो दिसतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो आयुष्यभर निरुपद्रवी राहतो. प्रश्न थोड्यांचाच असतो. त्यांच्यात पुढे कर्करोग होऊ शकतो आणि पित्ताशयाचा कर्करोग उशिरा उघडकीस आल्यास उपचारांना फारसा वाव उरत नाही. म्हणून येथे निर्णय मुख्यतः आकारावर घेतला जातो.

युरोपातील तज्ज्ञसंस्थांनी २०२२ साली सुधारलेली संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत सर्वत्र संदर्भासाठी वापरली जातात. पॉलिप १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर प्रकृती शस्त्रक्रियेस योग्य असल्यास पित्ताशय काढावे. ६ ते ९ मिलिमीटरचा पॉलिप आणि सोबत धोक्याचा एखादा घटक असेल, तरीही काढण्याचा सल्ला दिला जातो. साठीपुढील वय, पित्तनलिकांचा एक विशिष्ट जुनाट आजार, बिनदेठाचा पॉलिप व त्यालगत ४ मिलिमीटरपेक्षा जाड झालेली भिंत हे असे घटक आहेत. या यादीत आशियाई वंशाचाही समावेश आहे. २०१७ च्या आवृत्तीत तर ‘भारतीय वंश’ असाच उल्लेख होता. मात्र भारतातही हा कर्करोग सर्वत्र सारखा नाही. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात तो अधिक, तर महाराष्ट्रात त्या मानाने कमी आढळतो. त्यामुळे केवळ भारतीय म्हणून ६ मिलिमीटरच्या प्रत्येक पॉलिपसाठी पित्ताशय काढायचे की नाही, हे शल्यचिकित्सकाने रुग्णाशी सविस्तर बोलून ठरवायचे असते.

६ ते ९ मिलिमीटरचा पॉलिप, पण धोक्याचे घटक नाहीत. किंवा ५ मिलिमीटरपर्यंतचा पॉलिप, पण घटक आहेत, अशा वेळी सहा महिन्यांनी, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी सोनोग्राफी करतात. वाढ झाली नाही तर दोन वर्षांनंतर पाठपुरावा थांबवता येतो. ५ मिलिमीटरपर्यंतचा पॉलिप आणि एकही घटक नसेल, तर पुन्हा तपासणीचीही गरज नाही. उजव्या कुशीत पित्ताशयाच्या दुखण्यासारखी वेदना होत असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर लहान पॉलिप असूनही शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे येतो.

घाई करण्यापूर्वी तो पॉलिपच आहे ना, याची खात्री करावी. उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशय नीट फुगलेले दिसते. कूस बदलल्यावर खडा सहसा सरकतो, पॉलिप जागचा हलत नाही. पित्ताशयाच्या बाबतीत नुसता पॉलिप खुडता येत नाही, संपूर्ण पिशवीच काढावी लागते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आज ती सर्वत्र होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. मात्र शस्त्रक्रिया सोपी झाली, म्हणून तिची गरज वाढली असा अर्थ होत नाही.

मोठे आतडे : काढायचाच, पण पोट न उघडता

येथे नियम उलटा आहे. मोठ्या आतड्यात दिसलेला पॉलिप सहसा तसाच ठेवत नाहीत. या आतड्याचे बहुतेक कर्करोग अ‍ॅडिनोमातून सुरू होतात आणि लहान अ‍ॅडिनोमापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासाला साधारण दहा वर्षे लागतात. हा दीर्घ काळ म्हणजे प्रतिबंधाची संधीच होय. अमेरिकेतील ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ या अभ्यासाने १९९३ साली दाखवून दिले, की दुर्बिणीने अ‍ॅडिनोमा काढल्यास कर्करोगाचे प्रमाण घटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुढील निष्कर्षांनुसार या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी होते.

मात्र ‘काढणे’ म्हणजे पोटावरची शस्त्रक्रिया नव्हे. गुदद्वारातून घातलेल्या दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने पॉलिप कापला जातो. मोठा पसरट पॉलिप असेल तर त्याखाली द्रव टोचून तो उचलून धरतात आणि मग काढतात. निष्णात हातांत मोठे, पण निरुपद्रवी पॉलिपही बहुधा असेच निघतात. म्हणून ‘पॉलिप मोठा आहे, आतड्याचा भाग कापावा लागेल’ असे सांगितले गेले आणि तुकड्याच्या तपासणीत कर्करोग नसेल, तर अशा पॉलिपचा अनुभव असलेल्या एंडोस्कोपी तज्ज्ञाचे मत आधी घेणे शहाणपणाचे ठरते.

आतडे कापण्याची शस्त्रक्रिया तीन परिस्थितींत लागते. पॉलिप दुर्बिणीने पूर्णपणे निघणे शक्यच नसेल, ही पहिली. काढलेल्या पॉलिपमध्ये कर्करोग आढळला आणि तो कापलेल्या कडेपर्यंत पोहोचलेला, खोलवर शिरलेला किंवा रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांत गेलेला असेल, ही दुसरी. तिसरी परिस्थिती आनुवंशिक आहे. काही घराण्यांत जनुकीय दोषामुळे तरुण वयातच आतड्यात शेकडो पॉलिप होतात. वेळीच आतडे काढले नाही, तर जवळजवळ प्रत्येकाला कर्करोग होतो. अशा कुटुंबांतील मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू करतात. या प्रश्नाचे गाजलेले उदाहरण अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे. जुलै १९८५ मध्ये त्यांच्या मोठ्या आतड्यातील मोठा पॉलिप आतड्याच्या भागासह काढण्यात आला आणि तपासणीत त्यात कर्करोग आढळला. त्यानंतर ते १९ वर्षे जगले.

आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे. शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून महिनोन्महिने चूर्णे आणि मलमे वापरली जातात. लाजेपोटी घरातही कोणी बोलत नाही. पॉलिपमुळे पडणारे रक्त दुखत नाही, त्यामुळे ते अंगवळणी पडते. चाळिशीपुढे रक्त पडू लागले, शौचाची सवय बदलली, अथवा तपासणीत हिमोग्लोबिन विनाकारण कमी आढळले, तर मूळव्याध असली तरीही दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. अमेरिकेत त्रास नसलेल्यांनीही वयाच्या ४५ व्या वर्षापासून चाचणी करावी असा सल्ला २०२१ पासून दिला जातो. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी आहे, आतड्याची नाही. त्यामुळे जागरूकता रुग्णालाच ठेवावी लागते, विशेषतः आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असल्यास.

लहान मुलांच्या शौचावाटे न दुखता पडणारे रक्त पुष्कळदा एकाच ‘ज्युवेनाइल’ पॉलिपमुळे असते. तो दुर्बिणीने काढला की प्रश्न मिटतो आणि एकटाच असेल तर त्यातून कर्करोगाचा धोका वाढत नाही.

गर्भाशय : पॉलिप काढा, पिशवी नव्हे

सर्वाधिक गोंधळ आणि सर्वाधिक नुकसान येथे होते. पाळीच्या वेळी जास्त अंगावरून जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणे, गर्भधारणा न होणे अशा तक्रारींत सोनोग्राफीत पॉलिप दिसतो. काहींना तर कसलीच तक्रार नसते.

येथे निर्णय रक्तस्राव आणि वय यांवर अवलंबून असतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत अशा पॉलिपमध्ये कर्करोग आढळण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन एवढेच असते. पाळी गेलेल्या स्त्रियांत ते शंभरात पाचच्या आसपास जाते. त्यामुळे पाळी चालू असताना, त्रास नसताना सापडलेला एक सेंटीमीटरपेक्षा लहान पॉलिप काही महिने थांबून पुन्हा पाहता येतो. अशांपैकी सुमारे पाव पॉलिप वर्षभरात आपोआप नाहीसे होतात. फेरतपासणी पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करावी, कारण पाळीपूर्वी जाड झालेले अस्तरही पॉलिपसारखे भासते.

रक्तस्राव होत असेल, पॉलिप मोठा असेल किंवा गर्भधारणेत अडचण असेल, तर तो काढणे हिताचे असते. कृत्रिम वीर्यारोपणापूर्वी पॉलिप काढलेल्या स्त्रियांत गर्भधारणेचे प्रमाण न काढलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात आढळले. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले, तरी थांबू नये. ‘गेलेली पाळी परत आली’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनीही याबाबत विशेष दक्ष राहावे, कारण या औषधाने असे पॉलिप वाढतात.

काढण्याची योग्य पद्धत म्हणजे हिस्टेरोस्कोपी. योनिमार्गे गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून पॉलिप प्रत्यक्ष पाहून मुळापासून काढला जातो. टाके पडत नाहीत आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. जुन्या पद्धतीचे क्युरेटिंग न पाहता केले जाते, त्यात पॉलिप सुटून जाऊ शकतो. गर्भाशयमुखावर दिसणारा देठाचा पॉलिप तर अनेकदा बाह्यरुग्ण विभागातच पिळून काढता येतो.

मग गर्भाशय केव्हा काढावे? पॉलिपमध्ये कर्करोग वा त्याच्या आधीची अवस्था आढळली, किंवा सोबत दुसरा असा आजार असला की ज्यावर अन्य उपाय थकले आहेत, तेव्हाच. साध्या पॉलिपसाठी पिशवी काढण्याचे कारण नाही. तरीही ‘पुढे कॅन्सर होईल’ या एका वाक्याने किती स्त्रिया घाबरतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत दिली होती. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारींवरून तो प्रश्न पुढे आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. हा केवळ खेड्यांतला प्रश्न मानणे चूक ठरेल. शहरातील शिकलेल्या घरांतही ‘मुले झाली, आता पिशवीचा काय उपयोग?’ हे वाक्य ऐकू येतेच. पाळी जाण्यापूर्वी गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले, तर हाडे आणि हृदयावर त्याचे परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावे लागतात.

स्त्रियांना आपले दुखणे संकोचामुळे पुरुष वैद्याला सांगता येत नाही, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे बंगालमधील सेरामपूर येथील १८८३ सालच्या भाषणात मांडून अमेरिकेस गेलेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी या कल्याणच्या. आज तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ सहज भेटतात. पण बोलण्याचा संकोच अजून पुरता गेलेला नाही.

निर्णयापूर्वी विचारायचे प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. चांगला डॉक्टर त्यांचा राग मानत नाही.

१. पॉलिप नेमका कोठे आहे, किती मिलिमीटरचा आहे, देठाचा आहे की पसरट?
२. मला होणारा त्रास याच पॉलिपमुळे आहे का?
३. माझ्या बाबतीत कर्करोगाची शंका कोणत्या कारणाने वाटते?
४. सहा महिने थांबलो तर काय धोका आहे?
५. नुसता पॉलिप काढता येईल की अवयव काढावा लागेल? का?
६. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला जाणार ना आणि तो अहवाल मला मिळेल ना?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पॉलिप निरुपद्रवी होता की नाही, याचे अंतिम उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीच मिळते आणि पुढील तपासणी कधी करायची तेही त्यावरच ठरते. उदाहरणार्थ, आतड्यातील एक-दोन लहान अ‍ॅडिनोमांनंतर अमेरिकी शिफारशींनुसार सात ते दहा वर्षांनी दुर्बीण पुरते, पण एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर तीन वर्षांनी. टाके सुकले की अहवाल न आणताच प्रकरण संपले असे मानणारे रुग्ण हीच माहिती गमावतात.

दुसरे मत घेणे हा अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी भागी लावणे महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी २०२१ पासून बंधनकारक केले आहे. ठाणेकरांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय जवळ आहे. कल्याणमध्ये रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये प्राथमिक सल्ल्यासाठी आहेत. कर्करोगाचे निदान झाले असल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय मध्य रेल्वेच्या याच मार्गावर आहे. जाताना जुने सर्व अहवाल आणि सोनोग्राफीच्या फिल्म तारखेनुसार लावून न्याव्यात. ६ मिलिमीटरचा पॉलिप आज प्रथमच दिसला आहे की तीन वर्षांपासून तेवढाच आहे, या एका माहितीने निर्णय बदलू शकतो. शक्यतो फेरतपासणी त्याच केंद्रात करावी, म्हणजे मापांची तुलना विश्वसनीय होते.

थोडक्यात, अहवालातील ‘पॉलिप’ या शब्दाला घाबरून लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये आणि त्रास नाही म्हणून तो अहवाल कपाटात टाकूनही देऊ नये. नाकात औषधाला पुरेशी संधी द्यावी, पित्ताशयात मिलिमीटर मोजावेत, आतड्यातला पॉलिप दुर्बिणीने वेळीच काढून घ्यावा आणि गर्भाशयाच्या बाबतीत, विशेषतः पाळी गेल्यावर, रक्ताच्या एका डागाचीही दखल घ्यावी.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)